स्टार ट्रेकचे चित्रपट: कुठून सुरू करायचे आणि ‘तुझा आवडता कोणता?’ या प्रश्नाला काय सांगायचं

स्टार ट्रेक म्हणजे अंतराळात फिरणाऱ्या जहाजावरच्या मंडळींची अमेरिकन मालिका आणि तिच्यातून निघालेले चित्रपट. दोन स्टार ट्रेकवाले भेटले की पाच मिनिटांच्या आत प्रश्न येतोच, “तुझा आवडता पिक्चर कोणता?” नवीन माणसाची इथे पंचाईत होते. त्याने २००९चा पाहिलेला असतो, देवमाशांचा कधीतरी टीव्हीवर मधूनच लागलेला असतो, आणि समोरचे लोक ‘दुसरा’, ‘सहावा’, ‘आठवा’ असे नुसते आकडे फेकत असतात. मग एकतर गप्प बसायचं, नाहीतर सगळे म्हणतात म्हणून आपणही ‘खान’ म्हणून मोकळं व्हायचं.

हे आकडे कळायला आणि स्वतःचं मत तयार व्हायला मला बराच काळ लागला. तुम्हाला तेवढा लागायचं कारण नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या चित्रपटांत काही रोखीचे आहेत आणि काही उधारीचे. रोखीचा म्हणजे काहीही माहीत नसताना बसा, दोन तासांत पैसे वसूल. उधारीचा आपल्या आधीच्या चित्रपटांच्या नाहीतर मालिकेच्या खात्यावर जगतो. ते खातं तुमच्याकडे नसेल तर ज्या प्रसंगाला शेजारचा माणूस डोळे पुसतो, तिथे तुम्ही घड्याळ बघता. आवडत्या चित्रपटावरून होणारी निम्मी भांडणं यातून होतात. दोघांनी एकच चित्रपट पाहिलेला असतो, पण खाती वेगळी असतात.

काय काय लागेल

- वेळ: २०१६पर्यंत चित्रपटगृहांत आलेले चित्रपट १३. सगळे मिळून साधारण २५ तास. एका आठवड्यात उरकायच्या फंदात पडू नका.
- मालिकांचे मोजके भाग: १९६६च्या मूळ मालिकेतले ‘स्पेस सीड’ आणि ‘अमॉक टाइम’, ‘द नेक्स्ट जनरेशन’ या नंतरच्या मालिकेतले ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’चे दोन आणि त्याला लागूनच येणारा ‘फॅमिली’.
- सबटायटल्स: क्लिंगॉन नावाचे लढाऊ परग्रहवासी स्वतःच्या भाषेत बोलतात, आणि ती भाषा खरोखर व्याकरणासकट तयार केलेली आहे. शिवाय कर्कच्या जहाजावरच्या मंडळींपैकी स्कॉटीचे स्कॉटिश हेल आणि चेकॉव्हचे रशियन उच्चार. सबटायटल्स चालूच ठेवा.
- एक वही किंवा फोनमधली नोट. कशासाठी, ते नवव्या पायरीत.

कोणत्या ॲपवर काय आहे ते सांगत नाही, कारण हक्क सारखे इकडून तिकडे जात असतात. फक्त शोधताना एक घोळ होतो. आकडा नावातच आहे तो दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत. पहिल्याला नाही, सातव्यापासून पुढे कुणालाच नाही, आणि अकराव्याचं नाव नुसतंच ‘स्टार ट्रेक’. तेवढंच टाकून शोधलंत तर मालिकांचा ढीग समोर येईल. नावाबरोबर वर्ष टाका.

१. तीन पिढ्या ओळखून घ्या

पहिले सहा (१९७९ ते १९९१) मूळ मंडळींचे: कॅप्टन कर्क, स्पॉक, डॉक्टर मॅकॉय. त्या वेळी दूरदर्शनवर रविवारी सकाळी मालिका बघितलेल्यांच्या डोळ्यांसमोर अजूनही हेच चेहरे येतात. सातवा ते दहावा (१९९४ ते २००२) ‘द नेक्स्ट जनरेशन’मधल्या कॅप्टन पिकार्ड यांच्या जहाजाचे. अकरावा ते तेरावा (२००९ ते २०१६) पुन्हा कर्क-स्पॉकचे, पण नवे नट आणि वेगळा फुटलेला काळप्रवाह. त्यामुळे जुन्यात जे घडलं ते नव्यात घडेलच असं नाही.

या तिन्ही पिढ्या एकाच तराजूत घालू नका. मूळ मंडळींचे चित्रपट वय वाढण्याबद्दल आहेत, नव्यांचे तरुण असण्याबद्दल. पिकार्डचे मधले आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यांची खरी ताकद चित्रपटांत नाही, मालिकेच्या सात मोसमांत आहे.

२. पहिल्यापासून सुरू करू नका

क्रमाने बघायचं म्हणून लोक १९७९च्या ‘द मोशन पिक्चर’पासून सुरुवात करतात आणि तासाभरात झोपतात. दोष ना त्यांचा, ना चित्रपटाचा. मालिका १९६९ साली बंद पडली होती. दहा वर्षं वाट बघितलेल्या माणसांसाठी तो काढलेला होता, म्हणजे उधारी तिथूनच सुरू होते. त्याच्याकडे पाचव्या पायरीला येऊ.

३. ‘स्पेस सीड’ बघा, मग खान

सुरुवात इथून करा. ‘स्पेस सीड’ हा १९६७चा भाग आहे, पन्नास मिनिटांचा. कर्कच्या जहाजाला अंतराळात भरकटलेलं एक जुनं यान सापडतं. त्यात गोठवून ठेवलेली माणसं, आणि त्यांचा म्होरक्या खान नूनियन सिंग. शास्त्रज्ञांनी घडवलेला ‘सुधारित’ माणूस, एके काळचा हुकूमशहा. जहाजावरची इतिहासतज्ज्ञ त्याला बघून अंदाज बांधते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांनी. आपल्या भुवया उंचावतात, पण माणूस असा काही पडदा व्यापतो की पाच मिनिटांत विसरायला होतं. शेवटी कर्क त्याला त्याच्या माणसांसकट एका ओसाड ग्रहावर सोडतो आणि निघून जातो.

मग १९८२चा ‘द रॅथ ऑफ खान’. कथेत मधे पंधरा वर्षं गेलेली आहेत, आणि खऱ्या आयुष्यातही पंधराच. नट तोच. त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मेकअपच्या नाहीत. हे कळून बघितलं की त्याचा राग वेगळाच लागतो.

बघताना तीन गोष्टींकडे लक्ष असू द्या.

एक, कर्क आणि खान संपूर्ण चित्रपटात एकदाही समोरासमोर येत नाहीत. सगळं वैर पडद्यावरून आणि रेडिओवरून. तरीही मालिकेतला सगळ्यात गाजलेला सामना हाच. दिग्दर्शक निकोलस मायर यांनी याआधी स्टार ट्रेक पाहिलेलंच नव्हतं. त्यांनी त्याला जुन्या आरमारी कथांचा बाज दिला, म्हणून लढाई पाणबुड्यांसारखी होते: अंधारात चाचपडत, श्वास रोखून.

दोन, हा चित्रपट पहिल्याच्या साधारण पाव खर्चात झाला. काटकसर दिसते कुठे? सुरुवातीच्या सरावाच्या प्रसंगातली क्लिंगॉन जहाजं पहिल्या चित्रपटातून उचललेली आहेत. याउलट, निर्जीव ग्रह हिरवा होतो ते मिनिटभराचं दृश्य संपूर्ण संगणकावर केलेलं आहे. ज्या गटाने ते केलं त्याचीच पुढे पिक्सार कंपनी झाली.

तीन, एक चूक. खान चेकॉव्हला बघताच ओळखतो, आपण चेहरा विसरत नाही असंही सुनावतो. पण ‘स्पेस सीड’ पहिल्या मोसमातला आणि चेकॉव्ह मालिकेत आला दुसऱ्या मोसमात. कुणी जुना जाणकार तुम्हाला फार छळायला लागला तर हा प्रश्न टाका. पुढची वीस मिनिटं तो खुलासे देत बसतो.

सावधान: कानात किडा सोडायचा एक प्रसंग आहे. लहान मुलं असतील तर तेवढा पुढे ढकला, आणि जेवताना तर हा चित्रपट लावूच नका.

४. दोन, तीन, चार सलग बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. ‘द रॅथ ऑफ खान’, ‘द सर्च फॉर स्पॉक’ (१९८४) आणि ‘द व्हॉयेज होम’ (१९८६) मिळून एकच गोष्ट आहे. दुसऱ्याचा शेवट मी सांगत नाही, पण तिसऱ्याच्या नावावरून ज्याला समजायचं त्याला समजलंच.

सलग का, हे एका चष्म्यावरून सांगते. दुसऱ्यात कर्कच्या वाढदिवसाला डॉक्टर मॅकॉय त्याला अठराव्या शतकातला, वाचायचा जुना चष्मा भेट देतात. चाळिशी लागलेल्या नायकाला चाळिशीचा चष्मा! कर्कला ते टोचतं आणि आपल्यालाही. लढाईत तो चष्मा फुटतो, आणि शेवटी वाचायला उघडलेल्या पुस्तकासमोर कर्क ती फुटकी काच हातात घेऊन बसतो. चौथ्यात ही मंडळी १९८६च्या सॅन फ्रान्सिस्कोत येऊन पडतात, खिशात दमडी नाही, तेव्हा कर्क तोच चष्मा जुन्या वस्तूंच्या दुकानात विकायला काढतो. दुकानदार म्हणतो, काच धड असती तर जास्त मिळाले असते. शंभर डॉलर देतो. स्पॉक विचारतो, ही तर डॉक्टरांनी दिलेली भेट ना? कर्कचं उत्तर असं की ती पुढे पुन्हा भेट म्हणून मिळणारच आहे, कारण आपण भूतकाळात आहोत! नुसता चौथा बघणाऱ्याला हा एक बरा विनोद वाटतो. तिन्ही पाहिलेला माणूस हसतो आणि लगेच गप्प होतो.

तिसरा या तिघांत अशक्त आहे, मान्य. स्पॉक म्हणजे लिओनार्ड निमॉय यांचं पहिलं चित्रपट दिग्दर्शन, कथा बऱ्यापैकी सरळसोट. पण त्यात कर्कच्या आयुष्यातल्या दोन मोठ्या गोष्टी जातात आणि त्यातली एक सहाव्या चित्रपटाचा पाया आहे. म्हणून गाळू नका.

चौथ्यात खलनायक नाही, मारामारी नाही. पृथ्वी वाचवायला दोन हंपबॅक देवमासे हवेत, बस. घरच्यांना सोबत बसवायचं असेल तर हाच लावा; आधीचं काही माहीत नसलं तरी निम्म्याहून जास्त रोखीचा आहे. स्कॉटी संगणकाचा माऊस तोंडाजवळ धरून त्याच्याशी बोलायला लागतो तेव्हा आजची मुलंही हसतात, वेगळ्या कारणाने. आणि सुरुवातीला एका जहाजाच्या कॅप्टनचा चेहरा ओळखीचा वाटला तर तुमचं बरोबर आहे: ते आपले टेनिसपटू विजय अमृतराज.

५. आता पहिल्याकडे परत या

तीन झाले, माणसांवर जीव बसला, आता ‘द मोशन पिक्चर’ बघा. तोच चित्रपट वेगळा दिसेल.

कसोटीचा प्रसंग सांगते. स्कॉटी कर्कला एका छोट्या यानात बसवून दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या त्याच्या जहाजाभोवती, एंटरप्राइझभोवती, फिरवून आणतो. पाच-सहा मिनिटं जवळजवळ कुणी बोलत नाही. जहाजाचा एक कोपरा, मग दिवे, मग कडेने सरकत सरकत पूर्ण समोरून. मागे जेरी गोल्डस्मिथ यांचं संगीत चढत जातं, आणि मधून मधून कर्कचा चेहरा. तुम्हाला हे लांबण वाटलं तर पहिल्या चित्रपटाचं आणि तुमचं जमणार नाही. सरळ पुढे जा, कुणी काही म्हणणार नाही. घसा दाटला तर मात्र तुम्ही आमच्यातले झालात.

आवृत्तीची काळजी घ्या. प्रदर्शनाची तारीख आधीच ठरलेली, त्यामुळे दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांना तो घाईत सोडावा लागला होता. २००१ साली त्यांची ‘डायरेक्टर्स एडिशन’ आली आणि २०२२ साली ती नव्याने, ४के दर्जात तयार झाली. मिळाली तर तीच बघा. संकलन आटोपशीर आहे आणि आवाज सुधारलेला आहे.

यातली इलिया, म्हणजे मुंबईच्या पर्सिस खंबाटा. १९६५च्या मिस इंडिया. भूमिकेसाठी त्यांनी डोक्यावरचे सगळे केस काढले. स्टार ट्रेकच्या चित्रपटात इतकी मोठी भूमिका आजवर दुसऱ्या भारतीय नटाला मिळालेली नाही, आणि आपल्याकडच्या गप्पांत हे नाव फारसं निघत नाही याचं मला नवल वाटतं.

आणखी एक गैरसमज: ‘द नेक्स्ट जनरेशन’ आधी पाहिलेल्यांना वाटतं की चित्रपटाने मालिकेची धून घेतली. उलटं आहे. धून १९७९ची, मालिका १९८७ची.

६. सम-विषमचा नियम समजून घ्या, पाळू नका

चाहत्यांत जुनं सूत्र आहे: सम आकड्याचे चांगले, विषम वाईट. दुसरा, चौथा, सहावा, आठवा चांगले म्हणून नावाजले गेले. पाचवा आणि नववा नाहीत. हे सूत्र दहाव्याने मोडलं, कारण तो सम असून आपटला, आणि अकराव्याने उरलंसुरलं मोडलं, कारण विषम असून चालला. यावर चाहत्यांनी काढलेली पळवाट भारी आहे. १९९९चा ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ हा स्टार ट्रेकची टिंगल करणारा विनोदी चित्रपट दहावा म्हणून मोजायचा. मग पुढचे सगळे एकाने सरकतात आणि नियम पुन्हा चोख बसतो!

गंमत म्हणून ठीक. पण नवीन माणूस हा नियम ऐकून पहिला आणि तिसरा बघतच नाही, हा त्याचा तोटा.

पाचवा, ‘द फायनल फ्रंटियर’ (१९८९), खुद्द कर्क म्हणजे विल्यम शॅटनर यांनी दिग्दर्शित केला. स्पेशल इफेक्ट्स केविलवाणे. देवाला शोधायला निघालेली कथा शेवटाकडे कोसळते. तरीही शेकोटीभोवती बसलेले तिघे मित्र, आणि देव म्हणवणाऱ्याला कर्कने विचारलेला प्रश्न, की देवाला अंतराळयान कशाला हवं, एवढ्यासाठी एकदा बघायला हरकत नाही. तो प्रश्न मला अनेक ठिकाणी उपयोगी पडला आहे.

सहावा, ‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ (१९९१). माझा पहिला क्रमांक याला, आणि याची उधारी सगळ्यात मोठी आहे हे मान्य करूनच. क्लिंगॉनांचा ऊर्जा पुरवणारा चंद्र फुटतो, साम्राज्य डबघाईला येतं, तह करायची वेळ येते, आणि बोलणीसाठी पाठवतात कर्कला, ज्याच्या मुलाला क्लिंगॉनांनी मारलं. (तिसरा गाळू नका म्हणाले ते यासाठी.) चेर्नोबिल आणि शीतयुद्धाचा शेवट यांवर ही कथा बेतलेली आहे. चित्रपट आला ६ डिसेंबरला आणि त्याच महिन्यात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. शांतता आली तर आपलं काय होणार, या भीतीने दोन्हीकडचे कडवे लोक गुपचूप एक होतात, हे मला दर निवडणुकीच्या मोसमात आठवतं. शिवाय ख्रिस्तोफर प्लमर यांचा जनरल चँग, जो हल्ला करतानाही शेक्सपिअर म्हणतो. क्लिंगॉनांच्या चान्सेलरचा, म्हणजे त्यांच्या प्रमुखाचा, तर दावा असा, की शेक्सपिअर वाचावा तो मूळ क्लिंगॉनमधूनच!

शेवटी पडद्यावर मूळ नटांच्या सह्या उमटतात. स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरी त्याआधी काही आठवडे, २४ ऑक्टोबर १९९१ला गेले होते. हे सगळं माहीत असताना त्या सह्या बघणं आणि नसताना बघणं, यात खूप फरक आहे.

७. पिकार्डचे चार: दोन भागांची तयारी, मग आठवा

इथे ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोर्ग नावाची, अर्धी यंत्र अर्धी माणसं अशी झुंड पिकार्डना पकडून आपल्यात सामील करून घेते. त्यातून सुटल्यावर माणूस कसा मोडतो ते लगेचच्या ‘फॅमिली’त आहे: फ्रान्समधलं घर, द्राक्षांचा मळा, भाऊ, आणि चिखलात झालेली भावांची मारामारी. एकही लढाई नसलेला भाग, आणि माझ्या मते मालिकेतल्या सर्वांत चांगल्या भागांपैकी एक.

मग ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ (१९९६). दिग्दर्शन जोनाथन फ्रेक्स यांचं, म्हणजे मालिकेतला रायकर. वर जहाजात बोर्गांशी झुंज, खाली पृथ्वीवर एका दारुड्या शास्त्रज्ञाला त्याचं ऐतिहासिक उड्डाण करायला लावायची खटपट. त्या उड्डाणाची तारीख ५ एप्रिल २०६३, म्हणून चाहते दर ५ एप्रिलला एकमेकांना शुभेच्छा पाठवतात. ग्रुपवर असा मेसेज आला तर गोंधळू नका. शांत, पुस्तकी पिकार्ड मधेच बेभान होतात तो प्रसंग उधारीचा सगळ्यात चांगला नमुना. आधीचे भाग न पाहिलेल्याला तो फक्त जोरदार अभिनय वाटतो.

सातवा ‘जनरेशन्स’ (१९९४) यानंतर बघितलात तरी चालेल. कर्क आणि पिकार्ड एकत्र आणायचे म्हणून कथा ताणली आहे. पण पिकार्डना घरून एक वाईट बातमी येते, आणि ‘फॅमिली’ पाहिलेला असेल तर तिथे पोटात कालवतं. बारीक नजर असेल तर आणखी एक: शेवटाकडे क्लिंगॉन जहाज फुटतं तो स्फोट सहाव्या चित्रपटातलाच परत वापरला आहे.

नववा ‘इन्सरेक्शन’ (१९९८) म्हणजे मालिकेचा एक मध्यम भाग लांबवलेला. दहावा ‘नेमेसिस’ (२००२) गडद आणि दमलेला, त्यात तरुण टॉम हार्डी खलनायक आहे, आणि शेवट मालिकेवर प्रेम केलेल्यांनाच लागतो. वेळ कमी असेल तर हे दोन सोडा.

८. नवे तीन

२००९चा जे. जे. अब्राम्स यांचा ‘स्टार ट्रेक’ पूर्ण रोखीचा. सुरुवातीची दहा-बारा मिनिटं एखाद्या स्वतंत्र लघुपटासारखी आहेत. मालिकेतल्या चित्रपटांना आजवर मिळालेलं एकमेव ऑस्कर याचं, तेही मेकअपसाठी. ज्यांना जुनं काही बघायचंच नाही त्यांनी इथून सुरू करून इथेच थांबलं तरी बिघडत नाही.

२०१३चा ‘इनटू डार्कनेस’ मात्र विचित्र आहे. तो दुसऱ्या चित्रपटाचे प्रसंग उलटेपालटे करून वापरतो. दुसरा न पाहिलेल्याला चालून जातो, पाहिलेल्याला खटकतो. म्हणजे खात्यात जितकी शिल्लक जास्त तितका राग जास्त! म्हणून याबद्दल मत देण्याआधी तुम्ही खान आधी पाहिला होता की नंतर, ते सांगा.

२०१६चा ‘बियाँड’ तिकीटबारीवर फार चालला नाही, पण मूळ मालिकेच्या स्वभावाला तिघांत तोच जवळचा. निमॉय २०१५च्या फेब्रुवारीत गेले. या चित्रपटात तरुण स्पॉकच्या हातात जुन्या सगळ्या मंडळींचा एकत्र फोटो येतो. पहिले सहा पाहिलेले नसतील तर तो काही सेकंदांचा एक फोटो आहे.

९. यादी करा, पण कसोटी आधी लिहा

आता वही काढा. ‘सर्वांत चांगला कोणता’ हा प्रश्न लिहू नका. त्याऐवजी चार-पाच प्रश्न लिहा आणि प्रत्येकाला एकच चित्रपट द्या. कोणता चित्रपट मी अनोळखी माणसाला दाखवेन? खलनायक कुठला लक्षात राहिला? कर्क, स्पॉक आणि मॅकॉय या तिघांचं कुठे जास्त जमलं? नुसतं संगीत ऐकायचं तर? बरं वाटत नसताना काय लावीन?

माझी उत्तरं: चौथा, दुसरा, पाचवा (हो, पाचवाच, त्या शेकोटीसाठी), पहिला, चौथा. सहावा यात एकदाही नाही आणि तरी तो माझा पहिला. का, याचा विचार करताना मला उधारीची गोष्ट सुचली: पहिल्या पाचांकडून त्याने जे घेतलं ते सगळं एकट्याने फेडलं.

चित्रपट बघून झाल्यावर त्याच रात्री दोन ओळी लिहा. नंतर दुसऱ्यांची मतं ऐकली की स्वतःचं मत कोणतं होतं ते आठवत नाही.

१०. वाद घालताना

२०१३ साली लास व्हेगासच्या स्टार ट्रेक संमेलनात जमलेल्या चाहत्यांनी चित्रपटांची क्रमवारी लावली. पहिला आला ‘खान’. शेवटचा आला ‘इनटू डार्कनेस’, जो तेव्हा नुकताच येऊन गेला होता. आणि सातव्या क्रमांकावर होता ‘गॅलेक्सी क्वेस्ट’, म्हणजे जो स्टार ट्रेकचा नाहीच तो! कुणी तुमच्यावर अशी एखादी क्रमवारी फेकली तर विचारा, मत देणारे कोण होते. संमेलनाला जाणाऱ्यांचं खातं तुमच्या दहापट असतं.

नेहमीचे खड्डे:

- “आधी मालिका पूर्ण बघ, मग बोल.” मूळ मालिकेचे ७९ भाग आहेत. कुणी असं म्हणालं तर नम्रपणे ‘स्पेस सीड’ आणि ‘अमॉक टाइम’ पाहिल्याचं सांगा; स्पॉकच्या परग्रहवासी लोकांचे रीतिरिवाज कळायला ‘अमॉक टाइम’ पुरेसा आहे.
- ‘खान’ आवडला नाही तर लपवू नका. कारण सांगता आलं पाहिजे एवढंच. ‘जुना वाटतो’ हे कारण नाही, ‘कर्कच्या मुलाचं पात्र कच्चं आहे’ हे आहे.
- दुसऱ्या चित्रपटाचा शेवट कुणालाही सांगू नका. चाळीस वर्षं झाली तरी तो न पाहिलेला माणूस ग्रुपमध्ये असतो.
- स्टार वॉर्सशी तुलना सुरू झाली की चहा घ्यायला उठा.

तेरा संपल्यावर ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ बघा. बंद पडलेल्या अंतराळ मालिकेतल्या नटांना खरे परग्रहवासी उचलून नेतात, कारण त्यांना ती मालिका म्हणजे घडलेला इतिहास वाटतो. आधी बघितलात तर बरा विनोदी चित्रपट; शेवटी बघितलात तर प्रत्येक विनोद कुठून आला ते कळतं. २०२५च्या जानेवारीत मिशेल योह यांचा ‘सेक्शन ३१’ थेट ओटीटीवर आला, तो चौदावा मोजायचा की नाही यावर सध्या नवं भांडण चालू आहे. वेळ उरला तर बघा. नाही उरला तर ‘फॅमिली’ पुन्हा लावा.